फेसबुक सोडायचंय? आधी टँकरचं बघा

‘आता बास, फेसबुक सोडतेच,’ असं म्हणत कुणी माझ्याकडे आलं की मी पहिला प्रश्न विचारते, ‘तुमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर कधी येणार, हे तुम्हाला कुठे कळतं?’ समोरचं माणूस तत्त्वाची सगळी तयारी करून आलेलं असतं, त्यामुळे त्याला ही चेष्टा वाटते. पण एप्रिल-मे महिन्यात पुण्यात बाणेर किंवा धायरीकडे राहणाऱ्यांना प्रश्न बरोबर कळतो.

मी स्वतः फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्ही सोडली आहेत आणि ओळखीच्या दहा-बारा जणांना सोडायला मदत केली आहे. त्यातले चार जण परत गेले. चौघांचंही मत बदललेलं नव्हतं. एकीला मुलीच्या कथक क्लासचं वेळापत्रक मिळेना, एकाला त्याच्या ट्रेकच्या ग्रुपनं चक्क विसरून टाकलं, बाकी दोघांचंही असंच काहीतरी. म्हणून हा लेख. डिलीटचं बटण दाबायला दोन मिनिटं लागतात, त्याच्या आधीचं काम महिनाभराचं आहे.

कारण वहीत लिहा

एका वाक्यात, पेनानं. ‘सगळंच वाईट आहे’ हे कारण नव्हे, तो वैताग आहे. वैतागून सोडलेलं आठवड्यात परत धरलं जातं.

कारणं खरी आणि वेगवेगळी असतात. मार्च २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा फेसबुकनं स्वतःच आकडे दिले होते. जगभरात ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती त्या कंपनीच्या हाती गेली असावी. मला त्यातला भारताचा आकडा जास्त बोलका वाटतो. ज्या प्रश्नमंजूषेच्या ॲपमधून ही माहिती गेली ते आपल्याकडे घेतलं होतं फक्त ३३५ जणांनी, पण त्यांच्या मित्रयादीत असल्यामुळे ज्यांना झळ बसली असू शकते असे लोक निघाले साडेपाच लाखांच्या वर. ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ असं म्हणणाऱ्यांना मी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवते. तुमच्याकडे नसेल हो, पण तुमच्या यादीतल्या माणसांना विचारलंत का?

कुणाचं कारण द्वेष पसरण्याचं असतं, आणि त्यासाठी लांब जायला नको. जून २०१४ मध्ये फेसबुकवर फिरलेल्या विटंबनेच्या चित्रांवरून पुण्यात दोन-तीन दिवस धुमसत होतं. त्यातच हडपसरला एका तरुण आयटी इंजिनिअरचा जमावाच्या मारहाणीत जीव गेला. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला ‘पोरं पळवणारी टोळी’ समजून पाच जणांना ठेचून मारलं. सोलापूर जिल्ह्यातून आलेली भटक्या समाजातली माणसं होती ती, भिक्षा मागत फिरणारी. त्या अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्यानंतर महिन्याभरातच व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध चिथावणी पसरली तेव्हा आम्ही पुरेसं केलं नाही, हे फेसबुकनं नोव्हेंबर २०१८ मध्ये स्वतः मान्य केलंय.

कुणाला मालक पटत नाही. ट्विटर ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलरला विकलं गेलं आणि पुढच्या जुलैत त्याचं एक्स झालं. तेव्हा उठून गेलेले बरेच जण आहेत. आणि घरात तेरा-चौदा वर्षांची मुलगी असेल, तर २०२१ मध्ये फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी बाहेर आणलेली कंपनीचीच अंतर्गत कागदपत्रं पुरेशी आहेत. इन्स्टाग्राममुळे काही मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल जास्त वाईट वाटतं, हे कंपनीच्याच संशोधनात आलं होतं.

एवढं खोलात जायचं कारण म्हणजे, का सोडायचं ते ठरलं की काय सोडायचं तेही ठरतं. इन्स्टाग्राम २०१२ पासून आणि व्हॉट्सॲप २०१४ पासून फेसबुकच्याच, म्हणजे आताच्या मेटा कंपनीच्या, मालकीचं आहे. माहितीच्या धंद्यावर तुमचा आक्षेप असेल, तर फेसबुकवरून उठून इन्स्टाग्रामवर बसणं म्हणजे ओटीवरून माजघरात जाणं, भाडं त्याच मालकाला. पण आक्षेप अफवांवर असेल, तर फेसबुक ठेवलंत तरी चालेल एक वेळ. आधी स्वतःचा अंगठा आवरा.

आणि हो, कुणीतरी विचारणारच, ‘मग व्हॉट्सॲप कसं चालतं तुम्हाला?’ पुण्यात तर नक्कीच विचारणार. हे सोवळं नाही, की एका ठिकाणी शिवलं म्हणून सगळं बाटलं. जेवढं सुटतं तेवढं सोडावं, जे सुटत नाही त्याचं कारण माहीत असावं. माझं व्हॉट्सॲप अजून आहे. त्याबद्दल पुढे.

पंधरा दिवस फ्रिजवर कागद

फ्रिजवर एक कागद लावा. जेव्हा जेव्हा ते ॲप उघडाल आणि खरोखर उपयोगाचं काही मिळेल, तेव्हा एक ओळ लिहा. नुसतं चाळलंत तर लिहू नका. पंधरा दिवसांनी कागद वाचा. माझ्या कागदावर नऊ ओळी होत्या. प्रायोगिक नाटकाचे प्रयोग, सिंहगडावरच्या रविवारच्या फेरीचा निरोप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, जुन्या पुस्तकांच्या विक्रीचं एक पेज, दोन वाढदिवस आणि असंच किरकोळ. नऊ ओळींसाठी मी रोजचा दीड तास देत होते, हे तेव्हाच कळलं.

आता प्रत्येक ओळीपुढे दुसरी वाट लिहायची. बालगंधर्व रंगमंदिरात काय लागलंय ते वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत अजूनही मिळतं. सिंहगडाच्या फेरीसाठी मी त्या काकांना सरळ फोन केला. ते म्हणाले, ‘रविवारी साडेपाचला, बारा महिने, कळवायचं काय त्यात?’ वाढदिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिले. पुस्तकांच्या पेजला मात्र दुसरी वाट सापडली नाही, तेव्हा तो नाद सोडला आणि महिन्यातून एकदा अप्पा बळवंत चौकात चक्कर मारू लागले. खिशाला ते जास्त महागात पडलं, ही गोष्ट वेगळी.

टँकरचं जिथे कळतं ती जागा सर्वांत शेवटी सोडायची. हा माझा नियम आहे.

तुम्ही एखादं पेज किंवा ग्रुप चालवत असाल, तर ही पायरी दुप्पट लांब आहे. तुम्ही एकटेच ॲडमिन असलेलं पेज तुमच्या खात्याबरोबर जातं. गणेश मंडळाचं पेज असेल तर दुसरा ॲडमिन नेमा, आणि त्याच्याकडून एक पोस्ट टाकून घेऊन खरंच अधिकार मिळालेत का ते बघा. पेज धंद्याचं असेल तर घाई नको. माझी एक मैत्रीण दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी पेजवर घ्यायची. तिनं एक अख्खा मोसम फुकट घालवला नाही. दसरा ते दिवाळी प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर आणि पत्ता वहीत उतरवला, डब्यावर स्वतःच्या नंबरची चिठ्ठी चिकटवली आणि जानेवारीत पेज बंद केलं. पुढच्या वर्षी जुनी गिऱ्हाइकं बहुतेक सगळी आली. नवी कमी आली, हेही सांगायला हवं. नोकरदार माणसाचं तत्त्व आणि घरगुती धंदा करणाऱ्या बाईचं तत्त्व एकाच भावात पडत नाही. तिला ‘लगेच सोड’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तारीख ठरवताना गणपती ते दिवाळी हा काळ टाळा. सगळे निरोप, वर्गण्या, भेटीगाठी त्यातच असतात. तेव्हा सोडणारा पहिल्या आरतीलाच परत येतो.

निरोप घेताना भाषण नको

महिनाभर आधी एक पोस्ट टाका. माझी अशी होती:

‘३१ जानेवारीला मी हे खातं कायमचं बंद करत आहे. कारण विचारलंत तर सांगीन, वाद घालणार नाही. ज्यांच्याकडे माझा नंबर नसेल त्यांनी मेसेज करून मागून घ्यावा. घर तेच आहे. चहाला या, येण्याआधी फोन करा.’

हीच पोस्ट आठवड्याच्या अंतरानं आणखी दोन-तीनदा टाका, कारण तुमचं लिहिणं सगळ्यांना दिसत नसतं. नंबर पोस्टमध्ये लिहू नका. वयस्कर मंडळींना वेगळा फोन करा. सदाशिव पेठेतल्या माझ्या मावशीला वाटलं होतं, मी तिला यादीतून काढून टाकलं. ती पंधरा दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

हीच मावशी दर वर्षी ‘मी फेसबुकला माझे फोटो वापरण्याची परवानगी देत नाही’ अशी लांबलचक सूचना स्वतःच्या भिंतीवर चिकटवायची. त्या सूचनेला कवडीची किंमत नाही. खातं उघडताना आपण ज्या अटींना हो म्हटलं त्या लागू असतात. नको असेल तर खातं बंद करणं, एवढाच उपाय.

राहता राहिलं ‘तुम्हीही सोडा’ हे आवाहन. ते करू नका. शेवटच्या महिन्यात लोकांचे नंबर गोळा करायचे की त्यांच्याशी भांडायचं, ते ठरवा.

सामान बांधणं

फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स सेंटर’ असतं. त्यात ‘युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स’मध्ये तुमची माहिती उतरवून घेण्याचा पर्याय आहे. पर्यायाची नावं अधूनमधून बदलतात, पण जागा साधारण हीच. तिथे तीन गोष्टी नीट बघा. कालावधी ‘ऑल टाइम’ निवडा. फोटोंचा दर्जा ‘हाय’ ठेवा. फाइलचा प्रकार एचटीएमएल घ्या, म्हणजे कुठल्याही ब्राउझरमध्ये पान उघडून वाचता येतं. दुसरा प्रकार जेएसओएन, तो प्रोग्रामरच्या कामाचा. फाइल तयार झाली की ईमेल येतो आणि ती उतरवून घ्यायला काही दिवसांचीच मुदत असते, म्हणून गावाला जायच्या आदल्या दिवशी हे करू नका.

मी कालावधी बघितलाच नाही. एका वर्षाचा गठ्ठा उतरवला, झिप फाइल न उघडता पेनड्राइव्हवर टाकली आणि खातं डिलीट केलं. विसाव्या दिवशी राजगडाचे जुने फोटो शोधायला गेले तर गठ्ठ्यात काहीच नाही. तीस दिवस व्हायचे होते म्हणून वाचले. परत लॉगिन केलं, सगळं पुन्हा उतरवलं आणि पहिल्यापासून दिवस मोजायला लागले. तेव्हा फाइल उघडा, त्यात दहा वर्षांपूर्वीचा एक तरी फोटो दिसतोय का ते बघा, आणि दोन ठिकाणी ठेवा.

दुसऱ्यांनी टाकलेले तुमचे फोटो या गठ्ठ्यात येत नाहीत. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो चुलतभावाच्या अल्बममध्ये असतील, तर ते त्याच्याकडूनच मागून घ्या. त्यानिमित्तानं त्याच्याशी बोलणंही होईल.

किल्ल्या

आता अशी जागा, जिथे जवळजवळ सगळे अडतात. गेल्या दहा वर्षांत कितीतरी ठिकाणी आपण ‘फेसबुकनं लॉगिन करा’ दाबलेलं असतं. खातं गेलं की ती सगळी कुलुपं बंद. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स अँड वेबसाइट्स’ उघडलंत की यादी दिसते. एकेका ठिकाणी जाऊन ईमेल आणि स्वतंत्र पासवर्ड लावून घ्या. पैसे गुंतलेली ठिकाणं आधी, खेळ आणि क्विझ नंतर. माझ्या यादीत सव्वीस नावं होती, त्यातली अर्धी मला आठवतही नव्हती.

त्याच बसणीत आणखी दोन कामं उरका. तुम्ही कधीतरी फोनमधली सगळी नंबरांची यादी ॲपला दिलेली असेल, ती ‘अपलोड कॉन्टॅक्ट्स’मध्ये जाऊन पुसा आणि तो पर्याय बंद करा. त्या यादीतले नंबर तुमच्या डॉक्टरांचे, प्लंबरचे, बहिणीचे आहेत, त्यांनी कुणी परवानगी दिलेली नाही. आणि ‘ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा’ असं काहीसं नाव असलेल्या ठिकाणी दुसऱ्या वेबसाइटींनी तुमच्याबद्दल फेसबुकला कळवलेल्या गोष्टी दिसतात. ती यादी एकदा वाचाच, मग पुसा. वहीत लिहिलेलं कारण डळमळीत झालं असेल तर तिथे पुन्हा घट्ट होईल.

बटण

‘अकाउंट्स सेंटर’मध्येच ‘पर्सनल डिटेल्स’, त्यात ‘अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल’, आणि त्यात ‘डिॲक्टिव्हेशन ऑर डिलीशन’. डिॲक्टिव्हेट म्हणजे दार नुसतं लोटून घेणं. माहिती सगळी तिथेच राहते, मेसेंजर चालू राहू शकतो, लॉगिन केलं की खातं पुन्हा जिवंत. आपल्याला डिलीट हवं. वाटेत स्क्रीन दोन-तीनदा विचारेल की का जाताय, त्याऐवजी असं करू का, तसं करू का. पुढे चालत राहा.

त्यानंतर ३० दिवस मुदत असते. त्या काळात कुठूनही लॉगिन झालं तर विनंती रद्द करायची वाट उघडते, म्हणून फोनवरून ॲप काढा, ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्ड पुसा, जुन्या टॅबलेटवर बघा. मुदत संपल्यावर सगळी माहिती पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात, असं कंपनीच सांगते. तुम्ही लोकांना पाठवलेले मेसेज त्यांच्या पेटीत राहतात, ते पुसले जात नाहीत. इन्स्टाग्रामचं खातं वेगळं डिलीट करावं लागतं, तिथेही तीस दिवस. एक्सवर थेट डिलीट नाही, डिॲक्टिव्हेट करून ३० दिवस लांब राहायचं.

पासवर्ड हरवलाय किंवा कंपनी दाद देत नाही असं झालं, तर तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा. आपल्याकडच्या २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे २४ तासांत पोच आणि ७ दिवसांत निकाल द्यावा लागतो (फेब्रुवारी २०२६ पर्यंत निकालाची मुदत १५ दिवसांची होती). तेवढ्यानं भागलं नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांच्या आत ऑनलाइन जाता येतं. माहिती पुसून मागण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे, पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होणार आहेत. तूर्तास भरवसा बटणावरच ठेवा.

घरातलं कुणी गेलेलं असेल आणि त्यांचं खातं तसंच असेल, तर जवळच्या नातेवाइकाला मृत्यूचा दाखला देऊन ते काढून टाकायची विनंती करता येते. आमच्या शेजारच्या आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी लोक त्यांना ‘शतायुषी व्हा’ म्हणत होते.

आता व्हॉट्सॲप

पुण्यात राहून ते पूर्ण सोडलेली दोन माणसं मला माहीत आहेत. दोघांच्याही बायका व्हॉट्सॲपवर आहेत. निरोप त्यांच्याकडे येतात आणि त्या यांना सांगतात. हे सोडणं नव्हे, काम दुसऱ्यावर ढकलणं झालं.

इथले मेसेज २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, मधल्या कुणाला वाचता येत नाहीत. प्रश्न मजकुराचा कमी, आणि तुम्ही कुणाशी, केव्हा, किती वेळा बोलता या माहितीचा जास्त. जानेवारी २०२१ मध्ये ‘अटी मान्य करा’ असा मेसेज सगळ्यांना आला होता, आठवत असेल. त्याच प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपये दंड केला.

माझी पद्धत अशी आहे. घरच्या सात माणसांना सिग्नलवर नेलं. ते ना-नफा संस्थेचं ॲप आहे, आणि त्या संस्थेच्या स्थापनेला २०१८ मध्ये पाच कोटी डॉलर देणारे ब्रायन ॲक्टन हे व्हॉट्सॲपचेच एक संस्थापक. सात जणांना नेतानाही तत्त्व उपयोगी पडलं नाही, भाचीच्या बाळाचे फोटो उपयोगी पडले. ते फक्त सिग्नलवर टाकायचे, एवढंच भाचीनं जाहीर केलं. मावशी दोन दिवसांत हजर.

व्हॉट्सॲपवर मी तीन ग्रुप ठेवलेत. ‘मला कोण ग्रुपमध्ये घालू शकतं’ हे ओळखीच्यांपुरतं केलं, फोटो आपोआप उतरणं बंद केलं, बॅकअपला वेगळा पासवर्ड लावला. फॉरवर्ड मी करत नाही. आलेल्या फॉरवर्डवर ‘हे कुठून आलं?’ एवढंच लिहिते. त्यानं निम्मे फॉरवर्ड येणं थांबलं, आणि दोन ओळखीही.

टँकरसाठी मात्र सेक्रेटरींना सांगितलं, की जिन्याजवळच्या फळ्यावरही लिहीत जा. ते आधी कुरकुरले. आता रोज लिहितात, खाली कंसात दोन टोमणेही असतात. पुण्यात पाटी लिहायला माणूस मिळाला नाही असं कधी झालेलं नाही.

दुसरीकडे जायचंच असेल तर

मॅस्टोडॉन हा पर्याय ट्विटरसारखाच आहे, पण एका मालकाचा नाही. ऑयगेन रोचको यांनी तो २०१६ मध्ये सुरू केला. अनेक सर्व्हर वेगवेगळे लोक चालवतात आणि सगळे एकमेकांशी बोलू शकतात, जसं एका कंपनीच्या ईमेलवरून दुसऱ्या कंपनीच्या ईमेलला पत्र जातं. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, त्यानंतर नोव्हेंबरमध्ये भारतातून बरेच जण तिकडे गेले. त्यातले कितीतरी परत आले, कारण जो तो एकटा गेला होता. जायचं तर पाच-सहा मित्रांनी एकाच आठवड्यात जा. आणि काही नवं उघडण्याआधी दोन महिने तसेच रिकामे राहून बघा, गरज वाटतेच असं नाही.

एकतिसाव्या दिवशी खातं खरंच गेलं का, हे बघायचा मोह होतो. स्वतः लॉगिन करून बघू नका. मैत्रिणीला तिच्या फोनवर तुमचं नाव शोधायला सांगा. माझ्या नावाच्या चार बायका निघाल्या, मी नव्हते. मग पेनड्राइव्हवरचा राजगड पुन्हा एकदा उघडून बघितला आणि फ्रिजवरचा कागद काढला.